नुसता भाव काढायला नेलेली म्हैस

आण्णा, काल तुमच्या धाकट्याचा फोन आला होता. येत्या पुण्यतिथीला गावात कीर्तन ठेवलंय म्हणे, गावजेवण ठेवलंय, आणि शाळेला तुमच्या नावानं पाण्याची टाकी बांधून दिलीय, तिच्यावर तुमचा फोटो लागणार आहे. फेटा बांधलेला, तोच. मी म्हटलं, लाव बाबा, चांगलं दिसतंय. तर म्हणतो कसा, "आक्का, तू चार शब्द बोलायचे हायेत. त्या काळात आण्णांनी लेकीला धाव्वीपतुर शिकवलं, हे तुझ्या तोंडनं आलं पायजे. पोरींवर चांगला परिणाम होतोय." तव्यावरची भाकरी तशीच राहिली आणि करपली. दहावीपर्यंत! अहो, दहावीच्या दारापर्यंत म्हणा, आत कुठं गेले मी? पण त्याचा काय दोष, तो तेव्हा आईच्या कडेवर होता. त्याला जे सांगितलं तेच त्याला खरं वाटतंय, आणि सांगणारे तुम्ही. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते, मग त्याला काय ते कळवीन.

ती वगार तुम्हीच मला दिली होती, हे तरी आठवतं का? म्हैस व्याली आणि त्याच रात्री गेली, आणि मागं हे काळं, ओलं, पाय न सावरणारं पिल्लू राहिलं. तुम्ही म्हणालात, जगायचं न्हाय हे. मी दुधात बोट बुडवून तिच्या तोंडात घातलं, आणि ती अशी ओढायला लागली की बोट सोडेना. तेव्हा मी सहावीत होते. शेजारचे दोघं-तिघं ओट्यावर बसले होते, त्यांच्यादेखत तुम्ही म्हणालात, "जगवलीस तर ही वगार तुजी. हिच्या दुदावर तू धाव्वी हो, मी आडवा येत न्हाय." चारचौघांत दिलेला शब्द होता तो. मी तिला जगवली. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि मी गोठ्यात. बघता बघता तिची शिंगं मागं खांद्याच्या पार गेली, आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीची जातात तशी, आणि आई म्हणायची, तुज्यापरास तिचीच वेणी लांब झाली गं. पहिल्या वेताचं रेडकू आठवड्यातच दगावलं, तेव्हापासून तर ती मलाच रेडकू समजायला लागली. मी हात लावल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. तुम्ही धारेला बसलात तर पाय झाडायची, आई बसली तर दूध वर चढवून उभी राहायची. मला केवढा गर्व होता त्याचा! मी कुणाला तिच्याजवळ फिरकूसुद्धा देत नव्हते.

दूध मोहोळला स्टँडजवळच्या हॉटेलात जायचं. घरात आम्हाला ताक. लोकांना वाटतं म्हशीच्या घरात दुधातुपाची रेलचेल असेल, तर कसली रेलचेल! सकाळी ज्वारीची भाकरी आणि ताकातल्या कण्या, दुपारी भाकरी आणि शेंगाची चटणी, रात्री भाकरी आणि असेल ती पालेभाजी, नाहीतर हुलग्याचं माडगं. साय तेवढी आई भांड्याला लागलेली बोटानं काढून धाकट्याच्या तोंडात घालायची. तरी मला कधी कमी वाटलं नाही, कारण त्या दुधातून माझी फी जात होती, वह्या येत होत्या, आणि वर्गात मी पहिल्या बाकावर होते. गणित मला येत होतं आण्णा. नुसतं येत नव्हतं, आवडत होतं. गुरुजी मला फळ्याकडे बोलवायचे आणि स्वतः खुर्चीत बसायचे. मला तालुक्याला जाऊन पुढं शिकायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणू नका. मी रोज तुमच्यासमोर कंदिलाखाली बसून गणितं सोडवत होते आणि तुम्ही तंबाखू मळत बघत होतात.

त्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर तुम्ही म्हणालात, "सोलापूरला गड्ड्याच्या जत्रंत म्हस घिऊन जाऊ." मी विचारलं, विकायची का? तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इकायची न्हाय गं पोरी. नुसता भाव काढायचा. आपल्या जनावराचं मोल काय हाय ते कळाया नगं व्हय? आन् तुज्याबिगर ती धार देत न्हाय, तवा तू बी चल." मला खरं वाटलं. वाटणारच की, लोक जातातच भाव काढायला, गावातले कितीतरी जण जनावरं मिरवून परत आणायचे. परीक्षा दीड-दोन महिन्यांवर आली होती, तरी मी पुस्तक पिशवीत घातलं आणि निघाले. भोगीचा दिवस होता. आईनं तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आणि भोगीची भाजी फडक्यात बांधून दिली, आणि माझ्या वाट्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. एवढं लोणी आमच्या घरात पोरीच्या भाकरीवर कधी पडलं नव्हतं. मी हसून म्हटलं, आज काय गं लाड? तिनं तोंड फिरवलं. तेव्हा कळलं नाही. तिला माहीत होतं आण्णा, पण तिच्यावर मी रागावू शकत नाही, कारण तिला विचारलंच कुणी होतं?

वाटेत किती गप्पा मारल्यात तुम्ही! एरवी घरात तुमच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघायचे, आणि त्या दिवशी तुम्ही मला सांगत होतात की बैलाचे दात कसे बघायचे, हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, म्हातारं जनावर तरणं करून कसं विकतात, तुमच्या वडिलांनी एकदा लंगडा बैल कसा खपवला. मी मागं म्हशीच्या पाठीवर हात ठेवून चालतेय, तुम्ही पुढं दावं धरून. रस्त्याच्या कडेला ज्वारी निसवून कणसाला आलेली, ऊन कोवळं, आणि मला वाटतंय, बाप आपल्याला मोठ्या लेकासारखं वागवतोय. मुक्कामाला एका ओळखीच्या वस्तीवर थांबलो, तिथंही तुम्ही सांगितलंत, ही माजी लेक, धाव्वीला हाय. मी लाजून म्हशीच्या आड गेले. हे सगळं मी आज लिहितेय ना, तर माझ्या कानशिलांत जाळ होतोय.

बाजारात पोचलो. मी आज सोलापुरात राहते तिथून ती जागा चालत जाण्याइतकी जवळ आहे, पण मी जात नाही. जिकडंतिकडं खिलार बैल, म्हशी, धूळ, कडब्याचा वास, गळ्यातल्या घाट्यांचा आवाज, आणि लोक टॉवेलाखाली हात घालून बोटांनी भाव करतायत. आत बोटं दाबायची, बाहेर तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मला त्याची फार मजा वाटत होती. तुम्ही तीन दगड मांडलेत, पीठ आणि तवा पिशवीतून काढलात आणि म्हणालात, "करमाळ्याकडचं पाव्हणं यायचं हायेत जेवाया. भाकरी टाक." मी चूल पेटवली. थोड्या वेळानं दोन पुरुष आले आणि त्यांच्याबरोबर एक म्हातारी. जनावरांच्या बाजारात म्हातारी! मला नवल वाटलं. पुरुष म्हशीकडे गेले, ती मात्र माझ्या चुलीपाशी येऊन बसली. "पीठ कुनी दळलं? पाणी गरम घेतीस का गार? धूर लई लागतो का डोळ्याला?" मी आपली उत्तरं देतेय, भाकरी थापतेय, फुगलेली भाकरी तिच्या ताटात घालतेय. तिनं माझा हात हातात घेऊन उलटासुलटा बघितला. मला वाटलं, भाजलंय का बघते, मायाळू आहे बिचारी.

जेवणं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "आता धार काडून दाव." मी चरवी घेऊन बसले. म्हशीच्या पायाला दोरी नाही, पुढ्यात आंबोणाची पाटी नाही, नुसता माझा हात, आणि चरवी भरली. बघे गोळा झाले. एकजण म्हणाला, "आयला, पोरीनं जादू केली का काय!" मी तुमच्याकडं बघितलं, तुम्ही हसत होतात. मग त्यातल्या थोराड पाहुण्याचा हात तुमच्या टॉवेलाखाली गेला. बराच वेळ तुमची बोटं आत हलत होती. मला वाटत होतं, भाव वर चढतोय. शेवटी तुम्ही मान डोलावलीत आणि म्हशीचं दावं त्याच्या हातात दिलंत. मी ओरडलेच, "तुमी इकायची न्हाय म्हणला हुता!" सगळ्या बाजारानं वळून बघितलं. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "इकली न्हाय. दिली. चांगल्या घरी दिली." ती जाताना मागं बघून हंबरत होती आणि ते लोक तिला ओढत होते. मी दोन घास खाल्ले नाहीत त्या रात्री. दुसऱ्या दिवशी जत्रेतून तुम्ही मला कंपासपेटी घेऊन दिलीत, पितळी कर्कटकवाली. म्हणालात, परीक्षा चांगली दे. आणि मी, येडी, त्या पेटीवर गप्प बसले. मला वाटलं, म्हैस गेली तर गेली, शाळा तर राहिली.

आणि मग महिनाभरानं ते लोक दारात उभे. मी आत स्वयंपाकघरात प्रमेयं पाठ करत होते, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. "आवो पाव्हणं, म्हस धारच देईना की! आंबोण घाला, पेंड घाला, गूळ चारा, काय बी करा, पाय झाडतीया. हितनं पुढं आटंल ती. तवा पोरगी आत्ताच द्या." तुमचा आवाज बारीक झाला होता. तुम्ही म्हणालात, "ठरलं तर धाव्वीनंतर हुतं." तो म्हणाला, "ठरलं तवा म्हस धार देत हुती." मी दाराआड उभी होते आण्णा. माझ्या हातात पुस्तक होतं आणि मी वाट बघत होते की आता तुम्ही म्हणाल, म्हैस परत आणा इथं, पोरगी परीक्षेनंतरच मिळेल. एवढं एकच वाक्य. तुमच्या जिभेला काय झालं होतं? तुम्ही म्हणालात, "बरं, बघा तिथी." परीक्षेच्या आठवडाभर आधी माझ्या अंगाला हळद लागली. गुरुजी घरी आले होते, तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवलंत.

लग्न लागलं, वरात गेली, मी सासरच्या उंबऱ्यावरचं माप ओलांडलं, आणि गोठ्यातून ती हंबरली. मी ओळखणार नाही का तो आवाज? सासूनं, म्हणजे त्याच चुलीपाशी बसलेल्या म्हातारीनं, अंगावरचा शालू बदलायच्या आधी माझ्या हातात चरवी दिली. "जा बाय, तुजी वाट बगतीया." मी तशीच गेले, हातात हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या. तिनं माझा वास घेतला आणि उरलासुरला पान्हा सोडला. मागं सगळ्या बाया हसत होत्या आणि सासू कौतुकानं सांगत होती की हुंड्यातच आली म्हैस, आम्ही तर बाजारातच दोघींना पसंत केलं, म्हशीची धार बघितली आणि पोरीची भाकरी. टॉवेलाखाली हुंडा ठरत होता आण्णा, आणि मी शेजारी उभी राहून मजा बघत होते. मी रडले नाही. त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं की मी जर तिला सगळ्यांच्या हाताची सवय लावली असती, तर निदान मार्चमधला पेपर लिहून आले असते. माझ्या लाडानंच माझा घात केला, पण सौदा तुमचा होता.

पंचमीला माहेरी आले तेव्हा मी तुम्हाला विचारलं. तुम्ही गोठ्यात दावं वळत बसला होतात, रिकाम्या गोठ्यात. मी म्हटलं, आण्णा, तुम्ही मला फसवलं. तुम्ही मान वर केली, आणि तुमच्या तोंडावर खरोखरचं आश्चर्य होतं. "फसवलं? म्हस तुजी म्हणलो हुतो, तुज्याच घरी धाडली न्हवं? दुसऱ्याची पोरगी रिकाम्या हातानं जाती, तू म्हस घिऊन गेलीस. कोण बाप करतोय एवडं?" आणि शाळा? तर म्हणालात, "शाळा काय पळून जाती का." तुम्ही खोटं बोलत असतात तर मी भांडले असते. पण तुम्हाला खरंच वाटत होतं की तुम्ही शब्द पाळला. तुमच्या हिशोबी सगळं जागच्या जागी होतं. तेव्हापासून मी माहेरी आले की तुम्हाला वाकून नमस्कार करायची आणि पाण्याचा तांब्या द्यायची, पण तुमच्याशी बोलले नाही, हे तुमच्या लक्षात तरी आलं का कधी? तुमच्या शेवटच्या आजारातही मी पाय दाबले, तोंडात पेज घातली. तुम्ही माझा हात धरून ठेवला होतात. मी तेव्हाही वाट बघत होते. तुम्ही माझ्याकडं बघत म्हणालात, "थोरली दिसायला आयवर गेलीय," आणि डोळे मिटले.

तुमच्या जावयाचं म्हणाल तर माणूस वाईट नव्हता. त्यांना सोलापुरात गिरणीत काम लागलं, आम्ही इकडं आलो. म्हैस गावाकडंच म्हातारी होऊन गेली, शेवटपर्यंत माझ्या सासूला लाथा मारत. बरं झालं. गिरणी बंद पडली, तेव्हा मी भाकरी थापायला सुरुवात केली. तीळ लावलेल्या कडक भाकरी, शेंगाची चटणी, असं पाकिटात घालून देते. लोक गाड्या थांबवून नेतात. हाताखाली बायका आहेत, त्यांचे पगार, गिऱ्हाइकांचे हिशोब सगळं मी तोंडानं करते, मशीन लागत नाही. एकदा एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, मावशी, तुम्ही किती शिकलात? मी म्हटलं, भाकरी घे आणि नीघ.

काल रात्री कागद इथवर आला, आणि धाकट्याला मी आज सकाळी कळवून टाकलं. भाकरी मी देईन, गावजेवणाला लागतील तेवढ्या, पैसे घेणार नाही. पण माईक हातात घेणार नाही. तो हिरमुसला. "आक्का, आण्णांवर तुजा राग हाय व्हय?" मी म्हटलं, पीठ मळायचंय, ठेवते. त्याला काय सांगू? त्या टाकीपाशी पाणी प्यायला येणाऱ्या पोरींपुढं उभं राहून मी म्हणू, या माणसानं मला शिकवलं? माझी जीभ झडेल. आणि खरं सांगितलं तर तुमचा फोटो उतरवावा लागेल, तेही माझ्याच्यानं होणार नाही. हा कागद त्याला दाखवायचा नाही, आणि तुम्हाला धाडायला पत्ता नाही.

एक गोष्ट वर मुद्दाम लिहिली नाही, ती आता लिहिते. त्या दिवशी बाजारात, पाहुणे जेवत असताना, तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, तोंडात घातलात आणि म्हणालात, "असली भाकरी हिच्या आयला बी जमत न्हाय." तुम्ही कधी म्हणजे कधी जेवणाला बरं म्हटलं नव्हतं. जेवायचं, ताटात हात धुवायचा आणि उठायचं. जन्मात एकदा म्हणालात ते तेवढंच. आता गिऱ्हाइकं रोज म्हणतात मावशी भाकरी झकास, ते माझ्या कानात राहत नाही, तुमचं राहिलंय. ते तुम्ही पाहुण्यांना माल दाखवायला म्हणालात, की खरंच भाकरी चांगली झाली होती? मला म्हशीचं विचारायचं नाही, शाळेचं विचारायचं नाही, इतक्या वर्षांत मला एवढंच विचारायचं होतं. आणि तुम्ही नाहीत, म्हणून मी आपलं ठरवून टाकलंय की ते बापच बोलला होता. तसं धरून चालले नाही, तर रोज पहाटे परातीत पीठ घ्यायला माझा हात उठणार नाही, आण्णा.